भूगोलाचे सर आणि माझं बी.ए.

आमच्या सरांच्या लक्षात माणसांची नावं राहायची नाहीत. माणसाच्या मोरीचं पाणी कुठं जातं हे मात्र एकदा कळलं की ते जन्मात विसरायचे नाहीत. एफ.वाय.च्या पहिल्या तासाला त्यांनी हजेरी घेतलीच नाही. पहिल्या बाकापासून एकेकाला उभं केलं आणि एवढंच विचारलं, "तुझ्या घरच्या मोरीचं पाणी कुठं जातं?"

मुली फिसकन हसल्या. माझी पाळी आली. आम्ही तेव्हा कोपरला चाळीत राहायचो.

"गटारात," मी म्हटलं.

"गटार कुठं जातं?"

"नाल्यात."

"आणि नाला?"

"खाडीत, सर."

"खाडीला भरती आली म्हणजे?"

हा प्रश्न मला अठरा वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि पावसाळ्यात आमच्या चाळीत गुडघाभर पाणी शिरायचं तेव्हा मलाही तो पडला नव्हता.

"मग ते परत तुझ्याकडेच येतं," सर म्हणाले. "बस खाली. आज घरी जाऊन बघून ये. पुस्तक पुढच्या आठवड्यात उघडू."

मी अर्थातच बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सर रागावले नाहीत, त्यांनी फक्त छत्री उचलली आणि म्हणाले, "चल." तास सोडून आम्ही दोघं कोपरला आलो. चाळीच्या मागच्या गटारात त्यांनी ती छत्री उभी केली. छत्रीच्या दांड्यावर ऑइलपेंटनं सेंटिमीटरच्या रेघा मारलेल्या होत्या. आई खिडकीतून बघत होती.

"कोण रे ते?"

"आमचे सर."

"कसले? गटाराचे?"

सरांनी ते ऐकलं आणि मनापासून मान हलवली. "बरोबर बोलल्या तुझ्या आई," ते मला म्हणाले. त्यांना तो अपमान वाटला नाही. मला वाटला. सरांबद्दलची माझी लाज तिथून सुरू झाली, हे आज कबूल करायला हवं.

आर्ट्सला मी हौसेनं गेलेलो नव्हतो. बारावी सायन्सला आपटलो, दुसऱ्या खेपेला काठावर निघालो, आणि ज्या कॉलेजात जागा होती तिथे बसलो. कल्याणच्या पुढे मोहन्याच्या रस्त्याला ते कॉलेज. कॉमर्सच्या तुकड्यांना मोठी इमारत आणि आर्ट्सला सायकल स्टँडमागच्या दोन खोल्या. आमच्याकडे दहावी झालेल्या पोराला पहिला प्रश्न विचारतात, "कुठली साइड घेतलीस?" बाबा कारखान्यात फिटर होते. नातेवाइकांनी माझी साइड विचारली की ते म्हणायचे, "अजून बघतोय." तीन वर्षं ते बघतच होते. आत्या तर तोंडावर म्हणाली, "आर्ट्स म्हणजे मुलींची साइड, लग्न ठरेपर्यंतची."

सरांना या शब्दाचा भयंकर राग. "साइड म्हणजे काय रे? आपण काय रस्त्याच्या कडेला उभे आहोत?" असं म्हणून ते टेबलाच्या बरोब्बर मध्यावर बसायचे. खुर्ची असताना टेबलावर बसणारे पूर्ण कॉलेजात ते एकटेच होते.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. रिक्षात कधी बसले नाहीत. किती लांब आहे विचारलं तर मिनिटं सांगायचे नाहीत, पावलं सांगायचे. पावसाळाभर स्टाफरूममध्ये गमबूट घालून बसायचे, आणि त्यांच्याखाली वर्तमानपत्र पसरल्यावरून शिपायाशी त्यांचं रोजचं भांडण ठरलेलं. पेपर तपासताना गुण पेन्सिलीनं लिहायचे. ऑफिसातले हेडक्लार्क वैतागून म्हणायचे, "सर, हे चालत नाही, शाई लागते." सर म्हणायचे, "अहो, नदी पात्र बदलते, पोरगं बदलणार नाही? थांबा दोन दिवस." आणि खरंच, चुकलेल्याला बोलावून, परत विचारून, कधीकधी दोन गुण वाढवून मग त्यावर शाई फिरवायचे. माझे त्यांनी एकदा चार वाढवले होते. एकदा सहा कमीही केले, कारण मी शेजारणीच्या वहीतलं उत्तर छापलं होतं आणि विचारल्यावर ते कबूल केलं होतं. "कबूल केलंस म्हणून सहाच," म्हणाले.

"नकाशा काढायचा नसतो, विचारायचा असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. म्हणून ते आम्हाला लोकांत घेऊन जायचे. खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात एक म्हातारी होती, तिची ओळख त्यांनी आम्हाला "आपल्या विभागप्रमुख" अशी करून दिली. ती सुकट निवडत बसलेली असायची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येते ते उधाण आणि मधल्या दिवसांतली मंद भरती म्हणजे भांग, हे मी तिच्याकडून शिकलो. आमच्या हातातला नकाशा बघून ती एकदा हसली.

"कागदान काय बगतंस पोरा? पानी काय नकाशा वाचून येतं? त्याची जुनी वाट त्याला ठावं हाय."

सरांनी ते वाक्य आम्हाला वहीत उतरवून घ्यायला लावलं, तिच्या नावासकट, तारखेसकट. आम्ही ते लिहून घेतलं आणि कँटीनमध्ये जाऊन तिच्या बोलण्याची नक्कल केली. सगळ्यात चांगली नक्कल माझी व्हायची.

त्या वाक्यावर मी आज जेवतो.

बी.ए. झाल्यावर वर्षभर नकाशांच्या सॉफ्टवेअरचा एक कोर्स केला आणि ठाण्याला एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो. ही कंपनी बिल्डरांना आणि पालिकांना पाण्याच्या निचऱ्याचे आराखडे करून देते. आम्ही सातआठ जण आलेलो, बहुतेक सगळे इंजिनिअर. साहेबांनी टेबलावर एका मोठ्या कॉम्प्लेक्सचा प्लॅन पसरला आणि काय दिसतंय ते सांगा म्हणाले. बाकीचे पार्किंगवर बोलले, पाइपांच्या मापांवर बोलले. माझ्याकडे बोलण्यासारखं काहीच नव्हतं. प्लॅनच्या कडेला खाडीची निळी रेघ दिसली म्हणून विचारलं, "साहेब, उधाणाच्या भरतीला पाऊस लागला तर यांचं पाणी कुठं जाणार?"

साहेबांनी चष्मा काढला. "कुठं शिकलात हे?"

"कल्याणला," मी म्हटलं.

कल्याणला! कोणाकडे, कुठल्या कॉलेजात, कसलं शिक्षण, काही नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मार्कशीट ऑफिसच्या फाइलला लागली, मी टेबलाला लागलो. आजूबाजूचे सगळे इंजिनिअर. बाहेरचे लोक "तुम्ही इंजिनिअर लोक" म्हणायला लागले की मी फक्त चहा ढवळायचो.

मग लग्नाचं निघालं. डोंबिवलीच्या मामानं माझा बायोडेटा टाइप करून आणला. त्यात शिक्षणापुढे छापलं होतं: बी.ई. मामानं दुकानदाराला कागदावर बी.ए.च लिहून दिलं होतं. दुकानदारानं माझ्या कंपनीचं नाव वाचलं आणि स्वतःच्या हुशारीनं ए चा ई केला.

"मामा, हे चुकलंय."

"असू दे रे. एका अक्षराचा तर फरक. पन्नास कॉप्या काढल्यात."

मला तेव्हा बॉलपेन घेऊन पन्नास कागदांवर एक अक्षर दुरुस्त करता आलं असतं. अर्धा तास लागला असता. मी केलं नाही. त्यातल्याच एका कागदावर टिटवाळ्याचं स्थळ आलं. सासरे पोस्टातून रिटायर झालेले, शांत, मोजकं बोलणारे. लग्न झालं. बायकोला महिन्याभरात सर्टिफिकेट दिसलं. ती आधी चिडली, मग हसली, मग म्हणाली, "बाबांना एवढ्यात नको सांगूस. त्यांना खोटेपणा आवडत नाही." एवढ्यात नको म्हणता म्हणता सहा वर्षं गेली. घरात जावईबापू इंजिनिअर झाले ते झालेच.

आणि एक दिवस सर माझ्या ऑफिसात आले. तीच छत्री. रिसेप्शनच्या मुलीला त्यांनी माझं नाव सांगितलं नाही, ते त्यांना आठवलंच नसणार. "तो कोपरचा, चाळीमागच्या गटाराचा," असं काहीतरी सांगितलं आणि तिनं हसू दाबत मला फोन केला. मी त्यांना घाईघाईनं खालच्या टपरीवर नेलं. चहा पाजायला नेलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

"हे बघ," सर म्हणाले, "संस्था आर्ट्स बंद करत्येय. एफ.वाय.ला पंचवीस पोरं झाली तर ठेवू म्हणतात. एकोणीस आलीत. शनिवारी बारावी झालेल्या मुलांना आणि पालकांना बोलावलंय हॉलमध्ये. तू ये."

"मी काय बोलू, सर?"

"काय शिकलास आणि काय करतोस, बस. अरे, मी सांगून त्यांना पटत नाही. मला त्याचा पगार मिळतो ना. त्यांना नोकरी लागलेला माणूस बघायचाय. माझ्याकडे दाखवायला तू आहेस."

मला फार बरं वाटलं. हो म्हटलं. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सुट्टी असून कंपनीचं आयकार्ड गळ्यात अडकवलं. बायकोला सांगितलं की कॉलेजात भाषणाला बोलावलंय. ती माहेरी फोनवर ते बोलली असणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

हॉल अर्धा भरलेला. सरांनी माइक हातात घेऊन माझी ओळख करून दिली. "हा आपला. याच खोल्यांत शिकला," एवढंच. मी बोलायला लागलो आणि छान बोललो. गटारं, नाले, भरती, ठाण्यातलं ऑफिस. पोरं ऐकत होती. सर कडेला उभे राहून स्वतःशीच मान डोलवत होते. डिग्रीचं नाव मी अजून घेतलेलं नव्हतं, ते मुद्दाम नव्हतं, ओघात यायचं होतं. आणि तिसऱ्या रांगेत मला सासरे दिसले. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ आणि त्या भावाची बारावी झालेली मुलगी.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. मुलीचा हात त्यांनी धरून ठेवला होता.

"दादा, सगळं पटलं बघा. पण तुम्ही स्वतः आर्ट्सच केलंत ना? का इंजिनिअर आहात? खरं सांगा, आमच्या पोरीचा प्रश्न आहे."

"खरं सांगा" म्हणाल्या त्या. हॉल माझ्याकडे बघत होता. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, थोडे पुढे झुकून.

"म्हणजे... मी तसा इंजिनिअरिंगचा," मी म्हटलं. "आवड म्हणून इकडे सरांच्या तासाला येऊन बसायचो."

असं वाक्य माणसाच्या तोंडून निघतं आणि निघाल्यावर परत आत घेता येत नाही. बाजूच्या टेबलावर प्रवेशाचे फॉर्म घेऊन हेडक्लार्क बसले होते, माझ्या पेन्सिलीच्या गुणांवर ओरडणारे तेच. त्यांनी मान खाली घातली. मी सरांकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता ते म्हणतील, अरे गाढवा. त्यांनी म्हणावं अशी माझी इच्छाही होती.

सरांनी माइक घेतला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझी चूक झाली ओळख करून देताना. ते बाहेरून यायचे."

ते. मी अठरा वर्षांचा असल्यापासून ज्यानं मला अरे-तुरे केलं, त्या माणसानं मला 'ते' म्हटलं.

बाई मुलीला म्हणाल्या, "बघ. मी म्हटलं नव्हतं?" आणि दोघी उठल्या. त्यांच्यामागून आणखी दोनचार घरं उठली. माझे चुलतसासरे मुलीच्या कानाशी काहीतरी बोलले, तिनं मान खाली घातली. सासरे तेवढे शेवटपर्यंत बसून राहिले. बाहेर भेटले तेव्हा म्हणाले, "घाम आलाय तुम्हाला. पाणी प्या."

सर मला गेटपर्यंत सोडायला आले. मी काहीतरी पुटपुटायला लागलो, तर म्हणाले, "लांबून आलात. आभारी आहे." असं ते पाहुण्या परीक्षकांशी बोलायचे.

त्या वर्षी तेवीसच प्रवेश झाले. एफ.वाय. आर्ट्स उघडलं नाही. ज्यांनी फॉर्म भरले होते त्यांना कॉमर्सला घातलं किंवा फॉर्म परत दिले. पुढच्या दोन वर्षांत वरचे वर्गही संपले. सर रिटायर होईपर्यंत कॉमर्सच्या पोरांना पर्यावरण शिकवत होते, पन्नास गुणांचा पेपर. सायकल स्टँडमागच्या खोल्यांत आता कसलंसं गोडाऊन आहे, असं ऐकतो. मी तिकडे जात नाही. कोणी म्हणेल, एका वाक्यानं कॉलेजचा वर्ग बंद पडत नाही. मीही स्वतःला हेच सांगायचो आणि बरेच दिवस मला ते पटलंही.

मग या मार्चमध्ये आम्ही टिटवाळ्याला जेवायला गेलेलो. चुलतसासऱ्यांची ती मुलगी आली होती. कॉमर्सच्या दोन विषयांत ती दुसऱ्यांदा राहिली होती आणि आता शिक्षण नको म्हणत होती. ती गेल्यावर सासऱ्यांनी सुपारी कातरायला घेतली.

"तिला तुमचीच साइड हवी होती," ते म्हणाले. "भूगोल. भाऊ ऐकेना. म्हणून तर त्या दिवशी त्याला मुद्दाम घेऊन आलेलो. म्हटलं, आपल्या जावयानं हेच केलंय, त्यांच्या तोंडून ऐकू दे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"म्हणजे तुम्हाला..."

"अहो, मुलीचा बाप आहे मी. चौकशी केल्याशिवाय मुलगी देतात का? तुमच्या कॉलेजातच गेलेलो. ते छत्रीवाले सर भेटले. बायोडेटा दाखवला, कोपरची चाळ म्हटल्यावर त्यांना लगेच आठवलं."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, बी.ए. आहे. इंजिनिअर हवा असेल तर दुसरं स्थळ बघा. छापलंय ते दुकानदाराचं काम असेल. पण तुम्ही समोर बसवून विचाराल तर हा मुलगा खरं सांगेल, याची हमी मी घेतो." सासऱ्यांनी अडकित्ता मिटवला. "मग मी विचारलंच नाही. हमीवर दिली मुलगी."

"आणि त्या दिवशी हॉलमध्ये? तुम्ही काहीच बोलला नाहीत..."

"चारचौघांत जावयाला खोटं पाडायचं? आणि सरांनीच तुम्हाला झाकलं. मला ओळखलं होतं त्यांनी. माझ्याकडे बघूनच बोलले ते. स्वतः खोटे पडले बिचारे माझ्यासमोर."

ज्या माणसाला फसवण्यासाठी मी ते बोललो त्याला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. आणि ज्यानं माझी हमी घेतली होती त्याच्याच तोंडून मी खोटं वदवलं होतं. लाज ही गोष्ट एवढी शरीराला लागते हे मला चाळिशीला आल्यावर कळलं.

सर टिटवाळ्यालाच राहतात, स्टेशनच्या पलीकडे. सासऱ्यांनी पत्ता सांगितला. मी तसाच निघालो, बायको म्हणाली, "ऊन उतरू दे," तरी थांबलो नाही. सर अंगणात पायरीवर बसून चष्मा पुसत होते. बरेच वाळलेत. मला बघून त्यांनी चष्मा घातला.

"या," ते म्हणाले.

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवलेली. त्यातलं एक आठवलं नाही. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "सर, मी बी.ए. आहे. भूगोल. तुमचा विद्यार्थी."

सरांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेलं असतं.

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "ज्यांना माहीत नव्हतं, त्यांना सांगायला बोलावलं होतं तुम्हाला."

मग आत वळून त्यांनी हाक दिली, "पाहुणे आलेत. चहा टाका जरा."